गरम प्लग, थंड प्लग

आमच्या घरी स्पोर्ट्स कार आहे हे मी सहसा कोणाला सांगत नाही. सांगितलं की माणसं आधी हसतात आणि मग बघायला येतात. बघायला आली की आणखी हसतात, कारण ती उभी असते आमच्या जुन्या गोठ्यात, गव्हाणीला तोंड करून. लाल, दोन सीटची, आणि जमिनीला इतकी टेकलेली की आई म्हणते, तिच्यात बसायचं म्हणजे पाटावर बसायचं आणि वर ताटही नाही.

गाडी मुळात एका मुंबईच्या शेटची. पळसदरीच्या अलीकडे त्यांचा बंगला होता. बाबा साजगावच्या कारखान्यात फिटर होते आणि सुट्टीच्या दिवशी जाऊन शेटच्या गाडीचं सगळं बघायचे. शेट कायमचे मुलाकडे परदेशी निघाले तेव्हा गाडी बाबांच्या नावावर करून गेले. गावानं बाबांना वेड्यात काढलं. हिच्यात भाताची पोती मावत नाहीत, पाहुणे मावत नाहीत, मग हिचा उपयोग काय? बाबा एवढंच म्हणाले, "मी मावतो ना."

दर दसऱ्याला गाडीची पूजा झाली, झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू चिरडलं की बाबा एकटे निघायचे. खोपोलीतून जुन्या रस्त्यानं घाट चढायचा, वाटेतल्या शिंगरोबाच्या देवळात नाणं टाकायचं, वर खंडाळ्याला गाडी वळवायची आणि खाली यायचं. बाजूची सीट रिकामी असायची, पण त्या फेरीला त्यांनी कधी आईला विचारलं नाही, मला तर नाहीच. परत आले की चेहरा असा असायचा की त्या दिवशी त्यांच्याकडे काहीही मागावं. माझी पहिली सायकल, कॉलेजला जायची परवानगी, सगळं मी दसऱ्याच्या दुपारीच मिळवलेलं आहे.

यंदा भादव्यात एका सकाळी त्यांच्या हातातून चहाचा कप पडला. त्यांनी खाली बघितलं आणि कप कोणी टाकला, असं मलाच विचारलं. कर्जतला दवाखान्यात नेलं. मेंदूला छोटासा झटका येऊन गेला, असं डॉक्टर म्हणाले. बोलणं दोनचार दिवसांत सुधारलं, हातही आला, डावा पाय मात्र मागे राहिला. निघताना डॉक्टरांनी बजावलं, "गाडी चालवायची नाही." बाबांनी विचारलं, "किती दिवस?" डॉक्टरांनी त्याचं उत्तर न देता माझ्याकडे बघितलं, आणि मला त्या डॉक्टरचा भयंकर राग आला. सांगायचं असेल तर त्यांना सांगा, माझ्याकडे काय बघता!

नवरात्र बसलं आणि बाबांनी जाहीर केलं, "दसऱ्याला घाट करणार."

आईनं पदर खोचला आणि त्या दिवशी त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. मी बोलले, बरंच बोलले. मी बोलायला लागले की शेजारचं कुत्रंसुद्धा उठून दुसरीकडे जाऊन बसतं, असं आई म्हणते. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "झालं? आता गाडी चालू कर."

केली. आमच्या दोघांच्या सवयीच अशा की भांडण एकीकडे आणि काम दुसरीकडे. पावसाळाभर उभी असलेली गाडी कशीबशी चालू झाली, पण लंगड्या बकरीसारखी ठेचकाळत. बाबांनी कान दिला आणि म्हणाले, "प्लग गेले. चारी बदलायला लागतील."

इथून माझा गोंधळ सुरू झाला, आणि तो मी जमेल तितका सरळ सांगते. मी साजगावलाच एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासते. आकडा आला की त्याचा अर्थ लावायचा, ह्यावर माझं पोट. त्यामुळे मला वाटलं, इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग, त्यात काय एवढं? जुन्यावरचा नंबर वाचायचा आणि तसलाच नवा आणायचा. अष्टमीच्या संध्याकाळी बाबांनी स्टुलावर बसून सांगितलं तसे मी चारी प्लग काढले आणि वर्तमानपत्रावर ओळीनं ठेवले. दोन एका कंपनीचे निघाले, दोन दुसऱ्याच. एकावरचा नंबर घासून गेलेला, एकाची पांढरी चिनी माती तडकलेली.

"असे कसे बसवलेत?" मी विचारलं.

"मिळाले तसे बसवले," बाबा म्हणाले. "ह्या गाडीचं पुस्तक बघू नको. इंजिन तिचं नाय. शेटनी कुठल्या दुसऱ्याच गाडीचं आणून बसवलेलं हाय."

म्हणजे नंबर गेला आणि पुस्तकही गेलं. उरलं काय, तर रंग. प्लगाचं टोक कुठल्या रंगाचं झालंय त्यावरून इंजिनाला कुठला प्लग मानवतो ते कळतं, आणि ते बाबांनी मला त्या संध्याकाळी समजावलं. टोकाची उष्णता पटकन निघून गेली तर तो थंड प्लग, टोकाशी रेंगाळली तर गरम. जोरात आणि चढणीवर चालणाऱ्या गाडीला थंड लागतो, नाहीतर टोक लाल होऊन पेट्रोल भलत्या वेळी पेटतं आणि पिस्टनला भोक पडतं. हळू, जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीला गरम लागतो, नाहीतर काजळी धरून ठिणगीच पडत नाही. टोक बिस्किटाच्या रंगाचं असेल तर प्लग बरोबर. काळं असेल तर आणखी गरम घ्यायचा, पांढरं पडलं असेल तर आणखी थंड.

"मग ह्यांचा रंग कोणता?" मी मोबाईलचा दिवा लावला.

"दिव्यात नाय कळत. उद्या उन्हात बघू," बाबा म्हणाले आणि काठी टेकत आत गेले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. मी आंघोळ करून बाहेर आले तर वर्तमानपत्र रिकामं. देवघराबाहेरच्या पाटावर घरातलं सगळं लोखंड मांडलेलं: विळा, कोयता, पहार, कुऱ्हाड, बाबांचे पाने, माझी कैची. त्यांच्यापुढे चार प्लग उभे, चिंच-मीठ लावून घासलेले, लखलखीत. प्रत्येकावर हळदकुंकवाचं बोट आणि डोक्यावर झेंडूची एकेक पाकळी. काळं नाही, पांढरं नाही, बिस्किटी नाही. रंग कसा तो नाहीच, होतं ते फक्त कुंकू.

मी ओरडले. आई शांतपणे म्हणाली, "लोखंडच हाय ना? वर्षभर जे राबतं त्याची पूजा करायची. किती घाण झालेले गं, बाई."

"ती घाणच बघायची होती, आई!"

"घाण काय बघायची?"

माझ्या मनात संशय आला आणि तो मी तिथल्या तिथं बोलून दाखवला. बाबांनी जाऊ नये म्हणून तू मुद्दाम केलंस का? आईनं माझ्याकडे असं बघितलं की मी पायरीवरून खाली उतरले. "मुद्दाम करायचं असतं तर चावी विहिरीत टाकली असती," ती म्हणाली. "गाडी चालू नाय झाली तर बरं, असं मला वाटतं. ते मी देवाला सांगितलंय. प्लगाला नाय सांगितलं."

बाबा बाहेर आले, पाटाकडे बघितलं आणि हसले. आजारपणानंतर पहिल्यांदा इतके हसले. मग म्हणाले, "थंड आण."

चहा झाल्यावर म्हणाले, "गरमच आण."

जेवताना मी पुन्हा विचारलं, तर म्हणाले, "थंड. घाट हाय."

हात धुताना म्हणाले, "थांब. जरा विचार करू दे."

मला धडकी भरली ती तेव्हा. माझे बाबा असे नव्हते. नट कितीचा, हे ते लांबून बघून सांगायचे, आणि एकदा सांगितलं की ब्रह्मदेव आला तरी बदलायचे नाहीत. आता ते एका प्लगावर तासातासाला पलटत होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की विसरभोळेपणा येऊ शकतो, निर्णय घेणं जड जाऊ शकतं. मी ताटं उचलली, मोरीत गेले आणि नळ सोडून थोडी रडले.

मग मोबाईलवर शोधलं. तिथं गोंधळाला पूरच आला. जगभरची माणसं ह्या एका विषयावर एकमेकांच्या उरावर बसलेली होती. एक म्हणतो एक पायरी थंड घ्या, दुसरा म्हणतो ज्यानं तसं केलं त्याच्या इंजिनाची माती झाली. त्यात एका कंपनीचा आकडा वाढला की प्लग थंड होतो आणि दुसऱ्या कंपनीचा आकडा वाढला की गरम. आमच्या इंजिनात दोन्ही कंपन्यांचे होते. एकाच घरात दोन सासवा म्हणायच्या! मी आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "इंजिन तापतं ना? मग थंडच द्यायचा. उन्हाळी लागली की सब्जा देतो तसा." आणि गंमत म्हणजे दिवसभरात मला कळेल असं उत्तर एवढं एकच मिळालं होतं.

दुकानात जायचं तर नमुन्याला एक प्लग हवा, कारण चुडीची, म्हणजे आट्यांच्या भागाची, लांबी जुळायला लागते. लांब पडला तर आत पिस्टनवर आदळतो. पण पूजेला बसलेलं लोखंड त्या दिवशी हलवायचं नाही. बराच वाद झाल्यावर आई म्हणाली, "एक ने. आधी पाया पड." मी प्लगाच्या पाया पडले. सायन्सची पदवी घेताना असा दिवस येईल असं वाटलं नव्हतं.

खोपोलीच्या एका गाड्यांच्या पार्टच्या दुकानात दारालाच तोरण होतं आणि गल्ल्याची पूजा चाललेली. दुकानदार चष्मा कपाळावर चढवून बसलेले. मी रुमालातून प्लग काढून काचेवर ठेवला. हळदकुंकू बघून त्यांनी तो आधी कपाळाला लावला आणि मग मापाला घेतला.

"घासलाय कोणी?"

"आईनं."

"मग रंग गेला," ते म्हणाले. "आता सांगता यायचं नाय. गाडी चालवणार कोण, आणि कुठं?"

साधाच प्रश्न होता, पण कालपासून माझ्या डोक्यात जे गरगरत होतं ते नेमकं त्याच्याभोवतीच. बाबा घाटात नेणार म्हणावं तर थंड. थंड घेतले की गाडी घाट झकास चढणार, आणि तिच्या क्लचवर तो डावा पाय असणार. गरम न्यावेत, तर तो मी त्यांचा बेत मोडायचा म्हणून केलेला कट ठरेल, आणि तरीही ते निघालेच तर अर्ध्या चढावर इंजिन फुटेल. प्लग बरोबर घेतला तर बाप धोक्यात, चुकीचा घेतला तर गाडी, आणि बहुतेक बापही. सरळ नाही म्हणावं तर ते शब्द माझ्या तोंडून फुटत नव्हते, कारण त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलेलंच नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

दुकानदारांनी चार-चार प्लगांचे दोन डबे काढले. चुडी सारखी, लांबी सारखी, फक्त एक गरम आणि एक थंड. "दोन्ही न्या," ते म्हणाले. "नको तो परत आणा. डबा फाडू नका म्हणजे झालं."

घरी आले तर ओसरीवर बाबा नव्हते. गोठ्याचं दार अर्धं लोटलेलं होतं. आतून किर्र असा बारीक आवाज यायचा, थांबायचा, परत यायचा. मी फटीतून बघितलं. बाबा स्टिअरिंगमागे बसले होते, गाडी बंद. क्लच दाबायचा आणि सोडायचा, एवढंच चाललेलं. दोनदा पाय नीट जायचा, तिसऱ्यांदा पेडलवरून घसरून बाजूला पडायचा. मग ते वाकायचे, दोन्ही हातांनी गुडघ्याखाली धरून पाय उचलायचे आणि परत पेडलवर ठेवायचे, दुसऱ्याचा असावा तसा. कपाळावर घाम होता. मी आत गेले नाही. तोंडावर हात ठेवून मागच्या मागे विहिरीकडे गेले आणि रहाट धरून उभी राहिले. ते उद्याची तयारी करतायत, एवढंच मला समजलं, आणि मी ठरवलं की सकाळी काही झालं तरी नाही म्हणायचं. पाया पडायची वेळ आली तरी चालेल, नाहीतरी त्या दिवशी सवय झालीच होती.

दसऱ्याच्या सकाळी आईनं लोखंडाची पूजा उतरवली. मी मनात वाक्य जुळवत गोठ्यात गेले. "बाबा, रागावू नका, पण," अशी सुरुवात होती. बाबा स्टुलावर बसले होते, आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. दोन्ही डबे त्यांच्या मांडीवर होते. माझं वाक्य तोंडातून निघायच्या आत त्यांनी एक डबा पुढे केला.

"हे बसव. आधी हातानं फिरव, मग पाना लाव. घाई करू नको."

मी डबा बघितला. "बाबा, हे गरमवाले."

"हो."

मला वाटलं, झालं, परत घोळ. मी लहान पोराला समजवावं तशी बोलायला लागले. "घाटाला थंड लागतात. तुम्हीच सांगितलंत ना, चढणीला थंड, नाहीतर पिस्टनला..."

"घाटाला थंडच लागतात," बाबा म्हणाले. "तू कशाला जातेस घाटात? तू साजगावला जाणार आणि घरी येणार. आणि चालवतेस पण गोगलगायीसारखी. तुला गरमच लागणार."

मी हातात डबा धरून उभी राहिले. काय ऐकलं ते डोक्यात शिरायला वेळ लागला. बाबा माझ्याकडे न बघता दुसरा डबा बोटांनी चाचपत होते.

"काल थंड-गरम, थंड-गरम करत होतो, तर तुला वाटलं म्हातारा चळला," ते म्हणाले. "डोकं ठिकाणावर हाय माझं. ठरत नव्हतं फक्त."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. कोणावर, ते आजही सांगता यायचं नाही. आदल्या दिवशीपासून मला जे हवं होतं तेच झालं होतं, आणि मी चक्क त्यांच्याशी भांडायला लागले. "एवढ्यात कशाला? पाय सुधारेल. डॉक्टर काय देव आहेत का? पुढच्या दसऱ्याला..."

"प्लग बसव, पोरी," बाबा म्हणाले.

मी बसवले. चुडी हातानं फिरवली, मग पाना लावला. चावी फिरवली तशी गाडी एका दमात चालू झाली आणि एकसारखी चालत राहिली. आई हार घेऊन दारात आली होती. कोणता डबा उघडलाय ते तिला कळण्यातलं नव्हतं, पण बाबा काठी टेकत गाडीला वळसा घालून डाव्या बाजूच्या सीटकडे गेले ते तिनं बघितलं. तिच्या हातातला हार घालायचा राहिला. मग तिनं घाईघाईनं तो घातला आणि लिंबू आणायच्या निमित्तानं आत गेली. बराच वेळ आली नाही.

रस्त्यावर आल्यावर मी विचारलं, "कुठं?" उजवीकडे खोपोली होती, डावीकडे पळसदरी.

"पळसदरीच्या धरणापर्यंत जा आणि फिरव."

सबंध वाटेत ते एवढंच बोलले की क्लचवरून पाय काढ, नुसता ठेवून देऊ नको, प्लेट घासते. धरणाशी सुट्टीची मुंबईची माणसं फोटो काढत होती. त्यातल्या एकानं आमच्याही गाडीचा काढला. बाबांनी तेवढ्यापुरती मान ताठ केली. परत आल्यावर त्यांचा चेहरा दर दसऱ्याला असायचा तसा नव्हता, आणि मी काही मागितलं नाही.

दसरा झाल्यावर कामावरून येताना मी खोपोलीला थांबले. न फाडलेला डबा काचेवर ठेवला. दुकानदारांनी चष्मा खाली घेतला, डबा उलटासुलटा बघितला आणि त्यांचा चेहरा पडला.

"काय झालं? चुकीचे दिले का मी?"

"नाही," मी म्हटलं. "बरोबर दिले होते."